प्रोसेसर फॅमिलीच्या पाच ओळी : शहापूरच्या एका वाचनालयातलं कर्नल प्रकरण

लिनक्स ६.१ चं ६४-बिट कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मूळ कोडपासून बांधायला घेतलं की ‘प्रोसेसर टाइप अँड फीचर्स’ या पानावर ‘प्रोसेसर फॅमिली’ अशी एक ओळ दिसते. ती उघडली की खाली पाच पर्याय: ऑप्टेरॉन-अ‍ॅथलॉन ६४, पेंटियम ४ आणि त्याच घडणीचे जुने झिऑन (इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर), कोअर २ आणि नंतरचे झिऑन, इंटेल अ‍ॅटम, आणि शेवटी जेनेरिक एक्स८६-६४, म्हणजे इंटेल-एएमडीचा कुठलाही ६४-बिट प्रोसेसर. वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला विचारलंय, ‘तुमचा प्रोसेसर कुठला?’ बेळगावच्या शहापूर भागातल्या एका वाचनालयात दोन विद्यार्थ्यांनी याच समजुतीनं उत्तर दिलं. एकाच कर्नलवर नऊ मशिनं चालायला हवी होती, त्यातलं एकच चाललं. जे चाललं ते सगळ्यांत कमकुवत होतं.

मी तिथे संध्याकाळी कॉम्प्युटरचा वर्ग घेतो. प्रकरण छोटं आहे, नुकसान कुणाचंच झालं नाही. पण कर्नलचे पर्याय कळत का नाहीत आणि ते कळावेत म्हणून काय लिहावं लागतं, हे त्यात नीट दिसलं, म्हणून सविस्तर मांडतो.

मशिनं आणि माणसं

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दहा कॉम्प्युटर आहेत. सगळे दान आलेले. काही उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसातून, काही कुणाच्या घरच्या माळ्यावरून. चार कोअर २ ड्युओ, ‘पेंटियम ४’चा स्टिकर असलेली दोन, अ‍ॅटम डी५२५ ची एक चपटी पेटी, एक अ‍ॅथलॉन ६४ एक्स२, आणि दुसऱ्या पिढीचे दोन आय३. बहुतेकांच्या हार्ड डिस्क गेलेल्या. नवीन डिस्क घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ठरलं असं की एका आय३ ला सर्व्हर करायचं आणि उरलेली नऊ मशिनं नेटवर्कवरून उठवायची: पीएक्सईलिनक्स या छोट्या प्रोग्रॅमनं नेटवर्कवरून कर्नल ओढायचं आणि एनएफएसवरची, म्हणजे सर्व्हरच्या डिस्कवरून नेटवर्कनं वाटलेली, एकच डेबियन १२ (लिनक्सची एक तयार मांडणी) सगळ्यांनी वापरायची.

तयार डेबियन कर्नलवर हे काम होतं. मी सहसा तेच सुचवतो. पण काम अंगावर घेतलेले दोघेही बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला, ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय नुकताच सुरू झालेला, आणि त्यांना कर्नल स्वतः बांधून बघायचं होतं. शिवाय नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर आणि एनएफएसवरून रूट, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य फाइली, घेण्याची सोय कर्नलमध्येच भरली तर वेगळी इनिटरॅमएफएस (उठण्यापुरती मेमरीत उघडणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) लागत नाही, उठण्याचा एक टप्पा वाचतो. कारण पटण्यासारखं होतं. मुलगा खानापूरचा, मराठी माध्यमातून आलेला. मुलगी गोकाककडची, घरात कन्नड, मराठी अस्खलित. दोघांचंही कॉलेजचं इंग्रजी पेपर लिहिण्यापुरतं चोख. मेनूखालचा मदतीचा मजकूर वाचताना मात्र दोघेही शब्द ओलांडून पुढे जात. त्यात त्यांचा दोष नाही. तो मजकूर बराचसा अशा माणसासाठी लिहिलेला आहे, ज्याला उत्तर आधीच माहीत असतं.

सगळ्यांत लहान ते सगळीकडे चालेल?

त्यांचा हिशेब सरळ होता. नऊ मशिनांत वेगवेगळे प्रोसेसर. तेव्हा सगळ्यांत साध्या प्रोसेसरसाठी बांधलं तर मोठे ते सहज चालवतील. यादीत साधा कोण? अ‍ॅटम. शिवाय एक पेटी अ‍ॅटमची होतीच. ३२-बिटच्या जमान्यात हा हिशेब चुकीचा नव्हता. त्या यादीच्या मदतीतच लिहिलंय की ४८६ निवडलंत तर कर्नल सगळ्या एक्स८६ प्रोसेसरवर चालेल, वेग थोडा कमी मिळेल एवढंच. तिथे पर्याय साधारण जुन्याकडून नव्याकडे जाणाऱ्या एका पायरीवर बसतात. ६४-बिटच्या पाच ओळी अशा एका पायरीवर बसत नाहीत. अ‍ॅटम हा कोअर २ चा धाकटा भाऊ नव्हे. ती वेगळी घडण आहे, आणि तिच्यात एक इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणारा हुकूम, जास्त आहे.

तिचं नाव मूव्हबीई. मेमरीतून आकडा उचलताना किंवा ठेवताना त्यातल्या बाइटचा क्रम उलटा करायचा, हे काम ती एका फटक्यात करते. नेटवर्कवरून येणाऱ्या पॅकेटमध्ये मोठा बाइट आधी असतो आणि एक्स८६ च्या मेमरीत छोटा आधी, त्यामुळे कर्नलच्या नेटवर्क कोडमध्ये हे उलटं-पालटं सतत चालू असतं. कर्नलच्या मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) अ‍ॅटम निवडल्यावर कंपायलरला, म्हणजे मूळ कोडचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, थेट सांगितलं जातं की अ‍ॅटमची सगळी इन्स्ट्रक्शनं वापर. कंपायलर प्रामाणिक; जिथे सोयीचं दिसलं तिथे त्यानं मूव्हबीई टाकली. कोअर २ ला ती येत नाही. अ‍ॅथलॉन ६४ ला नाही, पेंटियम ४ ला नाही. दुसऱ्या पिढीच्या आय३ लाही नाही. इंटेलच्या मोठ्या प्रोसेसरांत ती २०१३ च्या हॅसवेलपासून आली.

निकाल पडद्यावर होता. सात मशिनांवर एकच संदेश: या कर्नलला लागणाऱ्या पुढील सोयी या प्रोसेसरमध्ये नाहीत, आणि खाली एकच शब्द, मूव्हबीई. मग, सुरू करता येत नाही, प्रोसेसरला साजेसं कर्नल वापरा. आठव्या मशीनवर, म्हणजे दोनपैकी एका पेंटियम ४ वर, वेगळाच संदेश: या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो, पण आय६८६ च, म्हणजे ३२-बिटचाच, सापडला. अ‍ॅटमची पेटी मात्र निवांत उठून लॉगिन मागत बसली.

वाचनालयाचे काका दारात उभे राहून बघत होते. “मोठी मशिनं बंद आणि डबा चालू? उलटंच झालंय की हे!”

“काका, डब्याला एक गोष्ट जास्त येते,” मुलगी म्हणाली.

“मग बाकीच्यांना पण शिकवा की ती.”

इथे एक नशिबाची गोष्ट सांगायला हवी. पीएक्सईलिनक्स कर्नलमध्ये जुन्या, १६-बिटच्या दारातून शिरतो आणि ही तपासणी त्याच दारात बसलेली आहे. हेच कर्नल ग्रब या डिस्कवरून सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या नेहमीच्या पद्धतीनं सुरू केलं असतं तर ते दार टाळलं गेलं असतं. बहुतेक पडदा काळा राहिला असता आणि पोरं केबल, रॅम, पॉवर सप्लाय तपासत बसली असती. चूक तीच, पण एका वाटेवर कारण नावासकट सांगितलं जातं आणि दुसऱ्या वाटेवर काहीच नाही.

पाच ओळींत आधीपासूनच एका पर्यायावर खूण होती: जेनेरिक. ६४-बिटला तोच मूळचा पर्याय आहे. हात लावला नसता तर आठ मशिनं पहिल्याच संध्याकाळी उठली असती.

सहा आणि पंधरा

मग आम्ही तिघं मदतीचा मजकूर ओळ न् ओळ वाचायला बसलो. कोअर २ च्या पर्यायाखाली एक वाक्य आहे, ज्यावर मुलगा अडला. झिऑन नवा की जुना हे ओळखायचं तर सीपीयूइन्फो या, मशीनच्या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या फाइलमधला ‘सीपीयू फॅमिली’चा आकडा बघा: नव्यांत ६, जुन्यांत १५. आणि लगेच कंसात, ही छपाईची चूक नाही.

“सर, चूक नाही असं सांगावं लागतंय म्हणजे काहीतरी गडबड आहेच की.”

गडबड नाही, इतिहास आहे. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून इंटेलनं ६ हा आकडा वापरला. २००० साली पेंटियम ४ आला, नेटबर्स्ट नावाची नवी घडण घेऊन, त्याला १५ दिला. ती घडण तापू लागली, पुढे जाईना, तेव्हा इंटेल पेंटियम प्रोच्याच जुन्या वंशाकडे परतलं आणि २००६ चा कोअर २ पुन्हा ६ झाला. म्हणून नवा ६ आणि जुना १५. दोन वाक्यांत हे सांगितलं तर माणूस आकडा विसरत नाही. मदतीत फक्त आकडा आहे आणि ‘चूक नाही’ अशी ग्वाही.

आणि आकडाही पुरेसा नाही. आमच्या खोलीतल्या कोअर २, आय३ आणि अ‍ॅटम या तिन्हींची फॅमिली ६ च. त्यांना वेगळं करतो तो पुढचा ‘मॉडेल’चा आकडा किंवा सरळ नाव. उलट अ‍ॅथलॉन ६४ ची फॅमिली १५, पेंटियम ४ चीही १५. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, कंपन्याच वेगळ्या. म्हणजे आधी ‘व्हेंडर आयडी’ बघायचा, मग फॅमिली, मग नाव. मदतीत हा क्रम कुठेच सांगितलेला नाही. त्यात एएमडीच्या कागदपत्रांत ‘फॅमिली १५एच’ म्हणून जे येतं ते भलतंच, बुलडोझर. तो १५ सोळाच्या पायावर मोजलेला, म्हणजे १६ अधिक ५ असा आहे. सीपीयूइन्फोमध्ये तो २१ दिसतो. नेटवर शोधून १५ ला १५ जोडणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

पेंटियम ४ चं कोडं यातलंच. दोन्ही डब्यांवर एकच स्टिकर, आत दोन वेगळी माणसं. इंटेलनं पेंटियम ४ या नावाखाली आधी फक्त ३२-बिट प्रोसेसर विकले आणि नंतर काहींत ६४-बिट चालू करून दिलं. कळायचं कसं? सीपीयूइन्फोतल्या ‘फ्लॅग्ज’च्या लांबलचक ओळीत ‘एलएम’ ही दोन अक्षरं आहेत की नाहीत ते बघायचं. लाँग मोड, म्हणजे ६४-बिटची सोय. चालू असलेली सिस्टिम ३२-बिट असली तरी प्रोसेसर ६४-बिटचा असेल तर ती अक्षरं दिसतात. आमच्या एका डब्यात होती, दुसऱ्यात नव्हती. ज्यात नव्हती त्याच्यासाठी पाच ओळींपैकी कुठलीच योग्य नव्हती. त्याचा प्रश्न एक पान वर, ‘६४-बिट कर्नल’ या चौकोनापाशीच संपत होता. त्या चौकोनावर खूण केली की खालची ३२-बिटची लांब यादी गळून या पाच ओळी उरतात, हेही पोरांना तेव्हाच कळलं. त्याआधी त्यांना वाटत होतं की आपल्या कर्नलमध्ये पेंटियम ३ वगैरे पर्याय काढून टाकलेत.

‘खात्री नसेल तर एन’

दुसरी गोष्ट पहिल्या बांधणीत दडलेली होती आणि ती अ‍ॅटमच्या पेटीवरच सापडली. पेटी उठली खरी, पण कर्नलच्या सुरुवातीच्या नोंदींत एक ओळ होती: व्हेंडर ‘जेन्युइन इंटेल’ अनोळखी, सर्वसाधारण पद्धतीनं सुरुवात करतोय. खाली, तुमची सिस्टिम अस्थिर असू शकते. इंटेलचा प्रोसेसर, आणि लिनक्सला इंटेल अनोळखी?

मुलानं ‘एक्सपर्ट’ची खूण चालू केली होती. ती केली की एरवी न दिसणारे काही प्रश्न मेनूत येतात. त्यात ‘सपोर्टेड प्रोसेसर व्हेंडर्स’ही. इंटेलच्या चौकोनाखाली मदतीत लिहिलंय: इंटेलवर कर्नल चालवायचं असेल तर हे चालू हवं, इंटेलच्या मशीनसाठी हे बंद केलंत तर कर्नल कदाचित सुरूच होणार नाही. आणि या इशाऱ्याच्या अगदी खाली: खात्री नसेल तर एन, म्हणजे ‘नको’, म्हणा.

पोरानं पूर्ण वाचलं, खात्री नव्हती, एन दाबलं. मी त्याला काय बोलणार? कर्नलच्या मदतीत ‘खात्री नसेल तर’ हे वाक्य शेकडो ठिकाणी आहे आणि बहुतेक ठिकाणी भरवशाचं आहे. नवख्याला पहिल्याच दिवशी आपण सांगतो की कळलं नाही तर ती शेवटची ओळ पाळ. हा पर्याय मुळात चालूच असतो, एक्सपर्टमध्ये शिरल्याशिवाय दिसतही नाही, म्हणून त्या ओळीनं फारसं कुणाचं बिघडत नाही. पण जो शहाण्यासारखा मदत वाचून सांगितलेलं करतो, नेमका तोच तिथे अडकतो. माझ्या मते कर्नलच्या मदतीतला हा सगळ्यांत वाईट सल्ला आहे. धोका वर लिहून खाली त्याच धोक्याकडे बोट दाखवलंय.

आम्ही पर्याय समजावणारा कागद लिहायचं ठरवलं ते या ओळीमुळे, अ‍ॅटममुळे नव्हे. अ‍ॅटमची चूक ओरडून सांगते. ही चूक गप्प बसते, मशीन चालू राहतं, आणि महिन्यांनी काहीतरी विचित्र झालं की कुणाला आठवणार नाही.

प्रश्न काय विचारलाय?

प्रोसेसर फॅमिलीच्या पर्यायाला त्याचं नाव नडतं. नाव विचारतं ‘कोण?’ पण कंपायलरला उत्तर हवं असतं ‘काय काय नक्की असेल?’ याचं. तुम्ही एक हमी देताय: हे कर्नल जिथे जिथे जाईल तिथे तिथे अमुक इन्स्ट्रक्शनं असतीलच. नऊ मशिनं असतील तर हमी नवांमध्ये जे समान आहे त्याचीच देता येते. जेनेरिक हा पर्याय नेमकी तीच हमी देतो: मूळ एक्स८६-६४ एवढंच, त्यापलीकडे काही नाही.

इथे मुलीनं रास्त शंका काढली. मग जेनेरिकमध्ये आय३ चा वेग वाया जाणार ना?

फारसा नाही, आणि का नाही हे कळलं की अर्धी भीती जाते. कर्नलचा बहुतेक कोड एसएसई, एव्हीएक्स यांसारखी, एका फटक्यात अनेक आकडे हाताळणारी मोठी इन्स्ट्रक्शनं वापरतच नाही; बांधतानाच ती बंद केलेली असतात, कारण ती वापरायची तर चालू प्रोग्रॅमचे ते रजिस्टर (प्रोसेसरच्या आतले आकड्यांचे खण) आधी जपून ठेवावे लागतात आणि कर्नलमध्ये येता-जाता हे करणं महाग पडतं. म्हणजे नव्या प्रोसेसरचं मोठं भांडवल या पर्यायाच्या हातातच नाही. जिथे खरोखर गरज आहे, जसं रेड-६ चं (अनेक डिस्कांवर डेटा जपून ठेवण्याच्या पद्धतीचं) गणित, तिथे कर्नल तीन-चार तऱ्हांचा कोड बरोबर घेऊन येतं, सुरू होताना सगळे पळवून बघतं आणि त्या मशीनवर जो वेगवान ठरेल तो ठेवतं. आणखी एक सोय आहे, ‘ऑल्टरनेटिव्ह्ज’. कोडमधल्या कित्येक जागांची साधी आणि सुधारित अशी दोन रूपं कर्नलमध्ये असतात. उठताना प्रोसेसर तपासून ते त्या जागी योग्य रूप चिकटवतं. तेच जेनेरिक कर्नल अ‍ॅथलॉनवर वेगळं आणि आय३ वर वेगळं होऊन चालतं.

म्हणजे प्रोसेसरचे पर्याय दोन जातीचे. काही बांधताना कायमचे ठरतात, फॅमिली त्यातला. काही फक्त सोय कर्नलमध्ये ठेवतात आणि वापरायची की नाही ते मशीन बघून ठरतं. २०१८ च्या मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषानंतर आलेलं पेज टेबल आयसोलेशन (कर्नलची मेमरी प्रोग्रॅमांपासून वेगळी ठेवणारी सोय) दुसऱ्या जातीचं: चालू ठेवलं तरी एएमडीवर आणि आमच्या जुन्या अ‍ॅटमवर कर्नल ते आपणहून वापरत नाही, कारण त्यांना ती बाधा नाही, कोअर २ वर वापरतं. मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या भरण्याची, सोयही अशीच, इंटेल आणि एएमडी दोन्हींची ठेवावी. पहिल्या जातीत जपून हात घालायचा, दुसऱ्या जातीत शक्यतो काही बंद करायचं नाही. मेनूत मात्र दोन्ही जाती एकाच रंगात, एकाखाली एक बसलेल्या असतात.

पहिल्या जातीत अजून एक मेख आहे: एक ओळ निवडली की न दिसणारे आणखी निर्णय होतात. पेंटियम ४ ची ओळ निवडली की कर्नल कॅशची (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीची) रांग ६४ ऐवजी १२८ बाइटची धरतं आणि त्यानुसार मेमरीत वस्तू मांडतं. मेनूत तिर्यक रेघ दाबून पर्यायाचं नाव शोधलं तर तो कशावर अवलंबून आहे आणि त्याला कोण ओढतं हे दिसतं. पोरांना कर्नल बांधणीतलं सगळ्यांत उपयोगी बटण हेच वाटलं. मलाही वाटतं.

कागद

कागद मराठीत लिहिला. प्रत्येक नोंदीचा क्रम मूळ मदतीच्या उलटा ठेवला: आधी मशीनमध्ये काय बघायचं, मग काय निवडायचं, मग चुकलं तर काय दिसेल, आणि सगळ्यांत शेवटी हा पर्याय म्हणजे काय. शेवटचा भाग न वाचता निवड करता आली पाहिजे, एवढीच अट. फॅमिलीची नोंद अशी झाली:

“हे कर्नल एकापेक्षा जास्त मशिनांवर जाणार? जेनेरिक निवडा आणि पुढच्या पर्यायाकडे जा.
एकाच मशीनवर जाणार असेल तर त्याच मशीनवर सीपीयूइन्फो उघडा. स्टिकरवर जाऊ नका. व्हेंडर एएमडी आणि फॅमिली १५: ऑप्टेरॉन-अ‍ॅथलॉनची ओळ. व्हेंडर इंटेल आणि फॅमिली १५: पेंटियम ४ ची ओळ. इंटेल आणि ६: नावात अ‍ॅटम असेल तर अ‍ॅटम, नाहीतर कोअर २. यात न बसणारं काहीही: जेनेरिक.
चुकलं तर: मशीन कदाचित उठणार नाही. कधी कारण दिसेल, कधी नुसता काळा पडदा. जुनं कर्नल पुसू नका, त्यातून परत येता येतं.
जेनेरिक घेतल्यानं होणारा तोटा: रोजच्या वापरात जाणवणार नाही.”

व्हेंडरच्या नोंदीत एकच ओळ: “इंटेल आणि एएमडी दोन्ही चालू ठेवा. खालचा एन म्हणा हा सल्ला इथे पाळू नका.”

कागद खरा उतरला की नाही हे लिहिणाऱ्याला कळत नाही. म्हणून रीडिंग रूममध्ये बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका ताईंना तो दिला, सोबत पाच मशिनांच्या सीपीयूइन्फोचे प्रिंटआउट. कर्नल म्हणजे काय हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी फॅमिली बरोबर भरली, मग विचारलं, “हे दोन्ही पेंटियम ४, दोन्ही १५. तर मग एकावर तुम्ही पेन्सिलनं फुली का मारलीय?” फुली ३२-बिट डब्यावर होती. कागदात एलएमची नोंद होती, पण फॅमिलीच्या नंतर. तिथपर्यंत पोचेपर्यंत त्यांनी त्या डब्याला ६४-बिटची ओळ देऊन टाकली होती. नोंद उचलून सगळ्यांत वर नेली. मेनूतही तो चौकोन सगळ्यांत वरच असतो. आम्ही आमच्या हुशारीत खाली ढकलला होता.

प्रोसेसरच्या कमाल संख्येवरही त्या अडल्या, आणि तिथे पोरांची आधीची एक निवड उघडी पडली. एका डब्यात प्रोसेसर एकच, असं धरून त्यांनी तिथे सर्वांत कमी म्हणजे २ भरलं होतं. कर्नल मोजतं ते तार्किक प्रोसेसर, म्हणजे एका वेळी चालू शकणारे थ्रेड. आय३ मध्ये कोअर दोन, पण थ्रेड चार. आकडा कमी पडला तर कर्नल तक्रार न करता उठतं, उरलेले प्रोसेसर वापरत नाही आणि नोंदींत एका ओळीत तसं लिहून ठेवतं. आय३ अर्ध्यावरच धावलं असतं. मदतीप्रमाणे एकेका प्रोसेसरमागे कर्नलचा आकार साधारण ८ किलोबाइट वाढतो. तेवढ्यासाठी काटकसर कशाला, म्हणून मूळचा ६४ परत ठेवला.

गोकाकच्या मुलीनं प्रत्येक नोंदीखाली पेन्सिलनं कन्नडमध्ये दोन-दोन ओळी लिहिल्या. कागद भिंतीवर लागला तेव्हा त्या तशाच ठेवल्या.

त्यानंतर

जेनेरिक, दोन्ही व्हेंडर चालू, अशा दुसऱ्या बांधणीवर आठ मशिनं उठली. बिन-एलएमचा पेंटियम ४ नेटवर्कच्या यादीतून काढला. त्याची डिस्क शाबूत होती. त्यावर ३२-बिट डेबियन टाकून तो काकांच्या टेबलावर पुस्तकांच्या नोंदीसाठी ठेवला. “मशीन चालू होतंय काय नाही, तेवढं मला पुरे,” हे काकांचं मत.

कर्नलकडेही हा मेनू जसाच्या तसा राहिलेला नाही. २०२५ मध्ये ६.१५ आवृत्तीत ६४-बिटचे अ‍ॅटम, कोअर २, पेंटियम ४ आणि ऑप्टेरॉन हे चारही पर्याय काढून टाकले, जेनेरिक उरलं. बदल मांडणाऱ्यानं हा मेनू गोंधळात टाकणारा आहे असंच कारण दिलं होतं. पोरांना ते दाखवलं तेव्हा मुलगा जरा खूश झाला. लगेच पुढच्या ६.१६ मध्ये एक नवा पर्याय आला: ज्या मशीनवर कर्नल बांधताय त्याच्याच प्रोसेसरसाठी बांधा. आमचं कर्नल सर्व्हरच्या आय३ वर बांधलं जातं आणि कोअर २ वर, अ‍ॅथलॉनवर जातं. नवी आवृत्ती घेतली की कागदावरची फॅमिलीची नोंद पुसायची आणि तिच्या जागी या पर्यायाची लिहायची असं ठरलंय. मुलीनं पहिली ओळ लिहूनही ठेवली आहे: “बांधणारं मशीन आणि चालवणारं मशीन एकच आहे? नसेल तर बंद.”